नकाशावर न सापडणारा मोनशाऊ जिल्हा

प्रश्न थोडक्यात असा. आखेनमध्ये शिकणारा एक मराठी विद्यार्थी रविवारी फेनबानच्या सायकलमार्गावरून दक्षिणेकडे गेला. रोटगेन ओलांडल्यावर मोबाइलने बेल्जियममध्ये आल्याचा निरोप दिला, पण आजूबाजूची घरं, दुकानं, टपालपेट्या सगळं जर्मन. गाड्यांच्या काही पाट्यांवर आखेनच्या 'एसी'ऐवजी 'एमओएन' अशी अक्षरं होती. घरी येऊन शोधल्यावर एका जुन्या पोस्टकार्डाच्या चित्रावर 'क्राइस मोंझ्वा' हे शब्द दिसले, पण आजच्या नकाशावर त्या नावाचा जिल्हाच नाही. हा जिल्हा कुठला, गेला कुठे, आणि जर्मनीतून जाणारी सायकलची वाट बेल्जियमची कशी?

जुने जर्मन कागद आणि नकाशे वाचणं हे माझं पंचवीसएक वर्षांचं काम आहे, आणि या जिल्ह्याने मला सुरुवातीलाच चांगलं तोंडघशी पाडलं होतं. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. मोंझ्वा आणि मोनशाऊ हे एकच. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ऱ्हाइनच्या डाव्या काठाचा हा भाग प्रशियाकडे आला. पुढच्याच वर्षी प्रशियाने तिथे जिल्हे पाडले, त्यातला हा एक. जर्मन 'क्राइस' आपल्या जिल्ह्याहून पुष्कळ लहान, मोठ्या तालुक्याएवढा धरा. त्याचा प्रमुख 'लांडराट', त्याच्यावर आखेनचा विभाग आणि विभागावर ऱ्हाइन प्रांत. जिल्हा १८१६ पासून १९७१ च्या अखेरीपर्यंत होता. १ जानेवारी १९७२ ला तो आखेन जिल्ह्यात विलीन झाला. १९१८ पर्यंत अधिकृत नाव मोंझ्वा होतं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी फ्रेंच वळणाचं नाव खुपायला लागलं, म्हणून कैसरच्या मान्यतेने ते मोनशाऊ झालं.

आता माझी फजिती. उमेदवारीच्या काळात एका कुटुंबाच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी भाषांतराला आल्या होत्या. १८०९ ची नोंद फ्रेंचमध्ये, गाव मोंझ्वा. मी देशाच्या रकान्यात फ्रान्स लिहिलं. पुढची नोंद १८६८ ची, जर्मनमध्ये, गाव तेच, म्हणून तिथेही फ्रान्स. आणि १९२५ च्या नोंदीत गाव मोनशाऊ, त्याला मी वेगळंच गाव ठरवून यादीत दोन क्रमांक दिले. माझं काम तपासणाऱ्या जर्मन बाईंनी पहिल्या नोंदीवर बरोबरची खूण केली, दुसरीवर काट मारली आणि तिसरीसमोर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. १७९४ पासून १८१४ पर्यंत हा मुलूख खरोखरच फ्रान्सच्या ताब्यात होता. रोएर नावाच्या फ्रेंच विभागात मोंझ्वा हा एक कँटन, म्हणजे लहान प्रशासकीय तुकडा होता. म्हणजे १८०९ ला फ्रान्स बरोबर, १८६८ ला साफ चूक. त्या दिवसापासून कुठलंही जर्मन गाव शोधायला घेतलं की मी आधी साल विचारतो, नाव नंतर.

हे रोएर म्हणजे रूर नदी. इथे मराठी माणूस हटकून फसतो. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने असलेली रूर वेगळी. ती ऱ्हाइनच्या उजव्या अंगाला आहे आणि जर्मन लिपीत तिच्या नावात एक जादा 'एच' आहे. आपली रूर बेल्जियममधल्या होहेस फेन या दलदलीच्या पठारावर उगम पावते, मोनशाऊच्या अरुंद घळीतून वाहते, ड्युरेन आणि युलिशवरून नेदरलँडमधल्या रूरमोंड इथे मास नदीला मिळते.

या जिल्ह्याचं सगळं नशीब त्या पठाराने लिहिलं. होहेस फेनचा सर्वांत उंच भाग बोत्रांज, ६९४ मीटर. तो बेल्जियमचाही सर्वांत उंच बिंदू. आपल्या सह्याद्रीपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण अटलांटिकवरून सुटलेल्या पश्चिमी वाऱ्याला वाटेत अडवणारी पहिली खरी भिंत हीच. घाटमाथ्याचं गणित इथेही तसंच चालतं. पठारावर वर्षाला १४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बर्फ, आणि तिथून पूर्वेला सायकलने एका दिवसात पोचाल अशा त्सुल्पिशच्या मैदानात जेमतेम ६००. फरक एवढाच की आपला पाऊस चार महिन्यांत हिशोब मिटवतो, तिथला बारा महिने रेंगाळतो. पाणी जिरत नाही, कुजलेलं शेवाळ साठून पीट तयार होतं, आणि त्या मातीत ओट, थोडी राय आणि गवत यापलीकडे फारसं काही येत नाही. इथे वर्षातले नऊ महिने हिवाळा असतो आणि उरलेले तीन महिने थंडी, अशी थट्टा त्या भागात चालते.

त्या वाऱ्याला शेतकऱ्यांनी काढलेलं उत्तर मात्र बघण्यासारखं आहे. होफेन किंवा आयशरशाइडला गेलात तर घर आधी दिसणारच नाही, दिसेल ती कुंपणाची हिरवी भिंत. घराच्या पश्चिमेला बीच झाडांची दाट रांग, छपराच्या उंचीपर्यंत, म्हणजे सहासात मीटर वाढवलेली आणि कात्रीने सपाट छाटलेली. बीचची वाळलेली पानं हिवाळ्यातही फांदीला धरून राहतात, म्हणून ऐन बर्फातही ती भिंत विरळ होत नाही. तिच्यात खिडकीसमोर चौकोनी झरोका आणि दारासमोर कमान कापलेली असते. जुन्या घरांचं छप्परही पश्चिमेकडे जवळजवळ जमिनीपर्यंत उतरवलेलं, जणू घराने वाऱ्याकडे पाठ करून घोंगडं ओढून घेतलंय. शेतांच्या बांधांनाही अशीच कुंपणं आहेत. विमानातून काढलेल्या चित्रात जुन्या जिल्ह्याचा मधला पट्टा या जाळीवरून ओळखू येतो.

असल्या नापीक मुलखात मोनशाऊसारखं श्रीमंत गाव कसं उभं राहिलं? पुन्हा पाण्यामुळेच. पीटमधून झिरपलेलं पाणी मृदू असतं, चुना जवळजवळ नाही, त्यामुळे लोकर धुवायला आणि रंगवायला ते उत्तम. जळणाला पीट आणि लाकूड, चक्क्या फिरवायला नदीचा उतार. त्यात आखेनमध्ये कारागीर संघांचे नियम कडक आणि प्रोटेस्टंटांना तिथे जाच होता, म्हणून प्रोटेस्टंट कापडवाले आसपासच्या खोऱ्यांत पांगले. त्यातलंच योहान हाइनरिश शायब्लर हे नाव. जन्म १७०५, मृत्यू १७६५. स्पेनची मेरिनो लोकर आणून त्याने तलम कापड विणवलं, आणि आसपासच्या गावांतली हजारो माणसं त्याच्या कामावर जगत होती.

त्याने बांधलेलं लाल घर आजही लाउफेनबाख ओढा रूरला मिळतो तिथे उभं आहे. आत राहण्याची जागा आणि पेढी एकाच छपराखाली. जिना बघायला जरूर जा. तीन मजले कुठल्याही खांबाच्या आधाराविना वळत जाणारा ओकचा जिना, आणि त्याच्या कठड्यावर कापड बनवण्याची २१ दृश्यं कोरलेली. लोकर धुणं, पिंजणं, कातणं, विणणं, रंगवणं, ही सगळी कामं गुबगुबीत बाळं करताना दाखवली आहेत. मालकाने स्वतःच्या घराच्या जिन्यात धंद्याची पायरी न् पायरी कोरून घेतली, आणि घाम गाळणारी खरी माणसं मात्र त्यात एकही नाही. मी दर वेळी ती बाळं बघतो आणि मला हसूही येतं, रागही येतो.

१८१५ नंतर हा धंदा उतरणीला लागला. नव्या सीमांनी पश्चिमेचे बाजार तोडले, इतरत्र वाफेची यंत्रं आली, आणि या घळीत ना कोळसा ना रेल्वे. शहराची रया जाऊ लागली आणि गावं तर आधीपासूनच कंगाल. बर्लिनहून या भागात नेमणूक झालेले अधिकारी त्याला प्रशियाचा सायबेरिया म्हणत. प्रशियन वनखात्याने माळरानांवर चर खणून पाणी काढलं आणि स्प्रूस लावले. लोकांनी त्या झाडाला प्रशियन झाड असंच नाव ठेवलं. मूळचं जंगल बीच आणि ओकचं, तेव्हा या नावात कौतुक किती होतं हे तुम्हीच ठरवा. होफेनजवळ पेर्लेनबाखच्या खोऱ्यात हेच स्प्रूस गेल्या काही दशकांत मुद्दाम तोडून पुन्हा कुरणं मोकळी केली, आणि आता एप्रिल-मेमध्ये तिथे रानटी नार्सिससचे पिवळे गालिचे पसरतात. पेर्लेनबाख म्हणजे मोत्यांचा ओढा. त्यातल्या शिंपल्यांतले मोती काढण्याचा हक्क एके काळी युलिशच्या ड्यूककडे होता.

आता तुमच्या सायकलमार्गाकडे. फेनबान म्हणजे फेनची रेल्वे. आखेनचा कोळसा दक्षिणेला आणि लक्झेंबर्ग-लोरेनचं लोहखनिज उत्तरेला न्यायला प्रशियाने ती बांधली. १८८५ मध्ये आखेनच्या रोटे एर्डेपासून मोनशाऊपर्यंत गाडी आली आणि १८८९ पर्यंत लक्झेंबर्गमधल्या त्र्वाव्हिएर्जपर्यंत पोचली. मोनशाऊचं स्टेशन मात्र गावाबाहेर वर म्युत्सेनिशच्या अंगाला. चढ बेताचा राहावा म्हणून रूळ पठाराच्या कडेकडेने वळसे घेत गेले, आणि तो वळसा पुढे फार महागात पडला.

१९१९ च्या व्हर्साय तहाने मोनशाऊचे शेजारी जिल्हे ऑइपेन आणि माल्मेडी बेल्जियमला दिले. लोकमत घेतलं म्हणतात ते असं: ज्याला विरोध करायचा असेल त्याने बेल्जियन अधिकाऱ्यांसमोर जाऊन उघड्या वहीत नाव लिहायचं. ३३,७२६ मतदारांपैकी २७१ जणांनीच लिहिलं. कसं लिहिणार? मोनशाऊ जिल्हा जर्मनीकडेच राहिला, पण ऑइपेनहून माल्मेडीला जोडणारी रेल्वे नेमकी मधल्या मोनशाऊ जिल्ह्यातून जात होती. बेल्जियमचं म्हणणं, तुकडे आम्हाला आणि दोरा तुमच्याकडे हे कसं चालेल? सीमा आखायला सात जणांचं मंडळ होतं: बड्या पाच राष्ट्रांनी नेमायचे पाच, जर्मनीचा एक, बेल्जियमचा एक. त्या पाचांत जपानही. मार्च १९२० मध्ये मंडळाने रेल्वे बेल्जियमला दिली आणि १९२२ मध्ये सीमा कायम झाली. रुळांची पट्टी आणि स्टेशनं बेल्जियमची, दोन्ही बाजूंची गावं जर्मनीची. रुळांच्या पश्चिमेला राहिलेली जर्मन वस्ती उरलेल्या जर्मनीपासून कायद्याने तुटली. तुम्हाला आपल्या कूचबिहारच्या छिटमहालांची आठवण येईल. पण तिथे २०१५ मध्ये भारत आणि बांगलादेशाने अदलाबदल करून गुंता सोडवला, इथे अजून तसाच आहे.

आज असे पाच तुकडे आहेत: मुन्स्टरबिल्डशेन, रोटगेनर वाल्ड, रुकश्लाग, म्युत्सेनिश आणि रुइट्सहोफ. म्युत्सेनिश हे चांगलं नांदतं गाव. त्याच्याच शिवेवर ६५८ मीटरचा श्टेलिंग हा उंचवटा आहे आणि तिथे शार्लमेन शिकारीला आला असता झोपला होता अशी दंतकथा असलेला एक गारगोटीचा खडक. रुकश्लाग मात्र पाहून हसाल: एक घर, त्याची बाग, मिळून दीडएक हेक्टर, आणि चहूकडून बेल्जियम. रूळ उखडले, २०१३ पर्यंत सायकलमार्ग झाला, आखेनपासून त्र्वाव्हिएर्जपर्यंत सुमारे १२५ किलोमीटर. रेल्वे गेली म्हणून जमीन परत येत नाही, कारण सीमा रुळांवर नव्हे, करारावर उभी आहे. तुमचा मोबाइल खोटं बोलत नव्हता. लामर्सडोर्फजवळ तुम्ही थांबला असाल तर एक पाय बेल्जियममध्ये आणि सायकल लावलेलं कुंपण जर्मनीत, असं सहज झालं असेल.

इथेही सालाचा घोळ आहेच. मे १९४० मध्ये हिटलरने ऑइपेन-माल्मेडी पुन्हा जर्मनीला जोडलं, म्हणून १९४० ते १९४४ च्या नकाशांत हे तुकडे दिसणारच नाहीत. १९४९ मध्ये बेल्जियमने सीमेलगतच्या आणखी काही जागा घेतल्या. त्यातल्या बऱ्याचशा १९५६ च्या करारानुसार १९५८ मध्ये परत आल्या. पन्नाशीच्या दशकातला नकाशा हाती आला तर कोपऱ्यातलं छपाईचं साल आधी वाचा.

युद्धाबद्दल लिहायला बसलो तर वेगळंच उत्तर होईल, म्हणून जिल्ह्याच्या भूगोलाशी बांधलेलं तेवढं सांगतो. रोटगेन, लामर्सडोर्फ, सिमरात या गावांशेजारी कुरणांत सिमेंटचे बसके सुळके रांगेने उभे दिसतील. १९३८ च्या सुमारास उभारलेल्या पश्चिम तटबंदीचा हा रणगाडे अडवायचा भाग. अमेरिकन सैनिक त्यांना ड्रॅगनचे दात म्हणत. आता त्यांच्यामधून गाई चरतात. १२ सप्टेंबर १९४४ ला अमेरिकन सैन्य रोटगेनमध्ये शिरलं, आणि जर्मनीतलं त्यांच्या हाती आलेलं ते पहिलं गाव.

पुढची हानी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला झाली, फोसेनाक आणि श्मिट या गावांत. श्मिट ज्या धारेवर वसलंय तिच्याखाली रूरचं मोठं धरण आहे, १९३४ ते १९३८ मध्ये बांधलेलं. धरण ज्याच्या हाती त्याच्या हाती खालच्या मैदानातला पूर. पण अमेरिकनांच्या हे उशिरा ध्यानात आलं. २ नोव्हेंबर १९४४ ला त्यांच्या २८ व्या डिव्हिजनने चढाई केली, ३ तारखेला श्मिट घेतलं, ४ ला गमावलं. मध्ये 'काल' नावाच्या ओढ्याची खोल घळ आणि तिच्यातून जेमतेम एका गाडीची चिखलाची वाट. रणगाडे घसरून दरीत जायचे. त्या डिव्हिजनचे सहा हजारांवर सैनिक मारले गेले, जखमी झाले, पकडले गेले वा बेपत्ता झाले. त्याच घळीत ग्युंटर श्ट्युटगेन या जर्मन लष्करी डॉक्टरने तात्पुरते युद्धविराम जुळवून दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार केले. फेब्रुवारी १९४५ मध्ये धरण अमेरिकनांच्या हाती आलं, पण तोवर जर्मनांनी झडपा फोडून ठेवल्या होत्या आणि खालची रूर दोन आठवडे फुगलेली राहिली. मोनशाऊ गाव मात्र या सगळ्यातून जवळजवळ सहीसलामत सुटलं, म्हणूनच आज तिथे पर्यटकांची एवढी रीघ असते.

मोडक्या गावांना उभं केलं ते कॉफीने, असं म्हटलं तर फार चूक नाही. १९४८ च्या चलनबदलानंतर पश्चिम जर्मनीत कॉफीवर किलोला दहा मार्क कर होता आणि बेल्जियममध्ये ती स्वस्त. मधलं पठार धुक्याचं, दलदलीचं, वाटा फक्त स्थानिकांना ठाऊक. सगळी गावं चोरट्या कॉफीच्या धंद्यात उतरली, पोरंसुद्धा. जकातवाल्यांच्या गोळ्यांनी माणसं मेली. श्मिटचं पडलेलं चर्च पुन्हा बांधायला पैसा कुठून आला हे पाद्रीबुवांनी फार खोदून विचारलं नसावं, कारण सेंट ह्युबर्टसच्या त्या चर्चला लोक अजूनही सेंट मोक्का म्हणतात; मोक्का म्हणजे कॉफीच. १९५३ मध्ये कर निम्म्याहून खाली आणला आणि धंदा बसला.

जिल्हा मोडला तो मात्र कुठल्याही लढाईशिवाय, पुनर्रचनेच्या कायद्याने. छोटे जिल्हे परवडत नाहीत हे तेव्हाचं धोरण होतं. पण १ जानेवारी १९७२ ला सगळंच आखेनकडे गेलं असं समजू नका. मोनशाऊ, सिमरात आणि रोटगेन आखेन जिल्ह्यात गेले आणि त्स्वाइफाल श्टोलबेर्गला जोडलं. श्मिट नीडेगेनमध्ये आणि फोसेनाक ह्युर्टगेनवाल्डमध्ये गेलं, म्हणजे ही दोन्ही ड्युरेन जिल्ह्यात. पुढे २००९ मध्ये आखेन जिल्हा आणि आखेन शहर मिळून आजचा आखेन शहर-प्रदेश झाला.

तुम्हाला किंवा कुणाला इथले कागद शोधायचे असतील तर एवढं पुरे: ऱ्हाइनच्या डाव्या काठावर फ्रेंचांनी १७९८ पासूनच सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंद सुरू केली, म्हणून इतर जर्मनीच्या मानाने इथली नोंद पाऊण शतक आधीपासून सापडते. १८०५ च्या अखेरीपर्यंत तारखा क्रांतीच्या फ्रेंच कॅलेंडरात असतात, त्या उलगडून घ्याव्या लागतात. जुनी नागरी नोंदपुस्तकं आता डुइसबुर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. नकाशांत सुरुवात ट्रांशो आणि म्युफलिंगच्या १८०१ ते १८२८ मधल्या मोजणीपासून करा. त्यात फेनबान नाही, धरण नाही, स्प्रूसची चौकोनी रानं नाहीत, नुसता तपकिरी माळ आणि ओढे आहेत. त्यावर आजचा नकाशा ठेवून बघा.

राहिली ती पाटी. 'एमओएन' ही मोनशाऊची अक्षरं १९५६ पासून होती आणि जिल्ह्याबरोबर १९७२ मध्ये बंद झाली. २०१२ मध्ये नियम सैल झाल्यावर जुनी अक्षरं पुन्हा मागायची सोय झाली आणि लोकांनी ती मागून घेतली. तुम्ही पाहिलेल्या गाडीचा मालक जिल्हा मोडला तेव्हा जन्मलाही नसेल.